सेकंद वाचले, वर्षे गेली : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलची ओसरती रंजकता

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचा विचार करताना भारतीय वाचकाला आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा अनुभव आधी बाजूला ठेवावा लागतो, कारण त्या सामन्यांत प्रेक्षक म्हणजे बहुधा राखीव खेळाडू, त्यांचे दोन-चार मित्र आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले क्रीडाशिक्षक एवढेच असतात. अमेरिकेत हाच खेळ ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ म्हणजे एनसीएए या संस्थेच्या छत्राखाली चालतो. तिच्या सर्वोच्च श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे पुरुष संघ आहेत आणि हंगामाअखेर त्यांपैकी ६८ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा मार्च महिन्यात सारा देश पाहतो. सामन्यांचे निकाल आधीच वर्तवून भरायचा ‘ब्रॅकेट’ नावाचा तक्ता त्या काळात कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरतो, आणि तिकडे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या, एरवी क्रिकेटपलीकडे न पाहणाऱ्या मराठी मंडळींच्याही तो एव्हाना अंगवळणी पडला आहे. या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले आणि २०१६ मध्ये आणखी ८.८ अब्ज डॉलर मोजून तो करार २०३२ पर्यंत वाढवण्यात आला. एवढा पैसा ज्या खेळावर लागतो तो पाहायला पूर्वीइतका रंजक राहिलेला नाही, ही तक्रार मात्र गेली दोन दशके सातत्याने ऐकू येते, आणि ती करणाऱ्यांत या खेळावर मनापासून प्रेम करणारेच अधिक आहेत.

तक्रारीच्या पुष्ट्यर्थ एक आकडा नेहमी पुढे केला जातो. १९७९ च्या अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला ७५-६४ असे हरवले, तेव्हा अमेरिकेतील दूरचित्रवाणी संच असलेल्या घरांपैकी २४.१ टक्के घरांत तो सामना चालू होता, आणि ते प्रमाण त्यानंतरच्या कोणत्याही अंतिम सामन्याला गाठता आलेले नाही. हा आकडा खरा असला तरी तो जपून वापरायला हवा. त्या काळी घरात मोजक्या वाहिन्या होत्या, आज असंख्य आहेत, आणि या फाटाफुटीचा फटका बहुतेक कार्यक्रमांना बसलेला आहे. प्रेक्षक घटले म्हणजे खेळ नीरस झाला असा सरळ हिशेब मांडता येत नाही, म्हणून प्रश्नाचे उत्तर मैदानावर आणि मैदानामागच्या व्यवस्थेत शोधणे अधिक योग्य ठरते.

मुळात हा खेळ आपोआप रंजक कधीच नव्हता. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे पीचची फळे ठेवण्याच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्ज्याला ठोकून आणि १३ नियम लिहून तो सुरू केला, तो हिवाळ्यात बंद खोलीत कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांना व्यायाम मिळावा म्हणून. प्रेक्षकांचा विचार त्या १३ नियमांत कुठेही नव्हता आणि चेंडू किती वेळ स्वतःकडे ठेवायचा यावर बंधनही नव्हते. परिणामी आघाडी मिळालेला संघ, किंवा स्वतः दुबळा असल्याची जाणीव असलेला संघ, चेंडू बास्केटकडे फेकायचाच नाही असे ठरवून खेळू शके. १९६८ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ड्यूकला अटलांटिक कोस्ट या विद्यापीठ-गटाच्या उपांत्य सामन्यात हरवले तेव्हा गुणफलक १२-१० असा होता. पुढे डीन स्मिथ या प्रशिक्षकाने ‘फोर कॉर्नर्स’ या डावपेचाला शास्त्राचे रूप दिले. त्यात चार खेळाडू मैदानाच्या अर्ध्या भागाच्या चार कोपऱ्यांत उभे राहत आणि पाचवा मध्यभागी चेंडू टप्पे देत खेळवत वेळ काढी. १९८२ मध्ये अटलांटिक कोस्ट गटाच्या अंतिम सामन्यात स्मिथ यांच्या नॉर्थ कॅरोलायनाकडे जेम्स वर्दी आणि मायकेल जॉर्डन होते, समोर व्हर्जिनियाकडे सव्वासात फुटांहून उंच राल्फ सॅम्पसन होता, आणि तरीही देशभरच्या प्रेक्षकांनी उत्तरार्धात सुमारे सात मिनिटे चेंडू नुसता इकडून तिकडे फिरताना पाहिला. सामना ४७-४५ असा संपला.

यावरचा उपाय व्यावसायिक एनबीएने १९५४ सालीच शोधला होता. कबड्डीत चढाई करणाऱ्याला ठरावीक सेकंदांत परतावे लागते, तसेच चेंडू ताब्यात घेतलेल्या संघाने ठरावीक सेकंदांत बास्केटकडे फेक केलीच पाहिजे, या नियमाला आणि तो मोजणाऱ्या घड्याळाला ‘शॉट क्लॉक’ म्हणतात. एनबीएत ही मुदत २४ सेकंदांची आहे. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे घड्याळ देशभर आले ते १९८५-८६ च्या हंगामात, तेही ४५ सेकंदांचे. १९९३-९४ मध्ये ते ३५ वर आणि २०१५-१६ मध्ये ३० वर आणण्यात आले. दरम्यान १९८६-८७ पासून सुमारे सहा मीटरवरून केलेल्या फेकीला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले. ज्या काळाला आज सुवर्णकाळ म्हटले जाते तो साधारणपणे १९७९ ते १९९६ च्या दरम्यानचा आहे, आणि त्याच्या मागे नियमांचे हे बदल, १९७९ मध्ये सुरू झालेली व सामन्यांच्या शोधात असलेली ईएसपीएन ही क्रीडावाहिनी, आणि तीन-चार वर्षे कॉलेजातच राहणारे असामान्य खेळाडू असा योग जुळून आला होता. असे योग मागणी करून मिळत नसतात, ही गोष्ट गतकाळाचे गोडवे गाणारे विसरतात.

त्या काळाचे खरे वैशिष्ट्य वेगात नव्हते, तर शैलींच्या विविधतेत होते. पॉल वेस्टहेड यांचा लोयोला मेरीमाउंट हा संघ १९८९-९० मध्ये सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण करत होता आणि त्याने गतविजेत्या मिशिगनला १४९-११५ असे उडवले. नोलन रिचर्डसन यांचा अर्कान्सा संघ संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाई. सिरॅक्यूज वर्षानुवर्षे माणसामागे माणूस न लावता जागा राखणाऱ्या ‘झोन’ बचावावर भिस्त ठेवी. या सगळ्यांच्या दुसऱ्या टोकाला प्रिन्स्टन होते. खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या या विद्यापीठाचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी दुबळ्यांसाठी एक पद्धत घडवली होती, जिच्यात उंच खेळाडू बास्केटपासून दूर, वरच्या बाजूला येऊन चेंडू धरतो आणि बाकीचे चौघे न थांबता जागा बदलत राहतात. बचाव करणारा पासच्या आशेने जरा पुढे झुकला की त्याच्यासमोरचा खेळाडू त्याच्या पाठीमागून बास्केटकडे निसटतो. १९९६ च्या मार्चमध्ये गतविजेत्या यूसीएलएविरुद्ध ४१-४१ अशी बरोबरी असताना स्टीव्ह गुडरिचने वरून चेंडू धरला, गेब लेवुलिस बाहेर येण्याचा आविर्भाव करून उलटा आत वळला, चेंडू जमिनीवर एक टप्पा घेऊन नेमका त्याच्या हातात पडला आणि ३.९ सेकंद उरले असताना प्रिन्स्टन ४३-४१ असे पुढे गेले. दोन्ही संघांचे मिळून ८४ गुण झालेला हा सामना आजही या स्पर्धेतील सर्वांत आनंददायी सामन्यांत गणला जातो. गुणांची संख्या आणि रंजकता यांचे नाते लोक समजतात तितके सरळ नाही.

याच्या शेजारी २०११ चा अंतिम सामना ठेवून पाहावा. त्यात कनेटिकटने बटलरला ५३-४१ असे हरवले आणि बटलरने ६४ फेकींपैकी फक्त १२ यशस्वी केल्या. म्हणजे हरलेल्या संघाचे गुण यूसीएलएइतकेच, पण प्रिन्स्टनच्या सामन्यात प्रत्येक चेंडूमागे एक हेतू दिसत होता, तर इथे दिसत होती ती धक्काबुक्कीतून उरलेली हतबलता. २०१२-१३ च्या हंगामात संघांची सरासरी सामन्यामागे ६७.५ गुणांवर आली, जी १९५१-५२ नंतरची सर्वांत कमी होती. कारणे उघड होती. लाखो डॉलर पगार घेणाऱ्या प्रशिक्षकाला पराभवाची भीती खेळाडूपेक्षा अधिक असते, म्हणून तो प्रत्येक चाल बाजूला उभा राहून स्वतः ठरवतो आणि धोका टाळतो. बचाव शिकवणे आक्रमण शिकवण्यापेक्षा सोपे आणि खात्रीचे असते. आणि पंचांनी प्रत्येक धक्क्याला शिट्टी वाजवायची नाही असे ठरवले की बचाव हळूहळू कुस्तीच्या वळणावर जातो. २०१३ मध्ये चेंडू खेळवणाऱ्याच्या अंगाला हात लावण्यावर बंधने आली, गुण वर्षभर वाढले, मग पंच सैलावले आणि आकडा पुन्हा खाली आला. २०१५-१६ मध्ये ३० सेकंदांचे घड्याळ आले, प्रत्येक संघाचा एक ‘टाइम आउट’ कमी झाला, आणि त्यानंतर सरासरी सत्तरीच्या वर जाऊन तिथेच स्थिरावली. गुणांच्या दुष्काळाचा प्रश्न नियमसमितीने बऱ्यापैकी सोडवला, हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

जे सुटले नाही ते सामन्याचे खंडित होणे. पुरुषांचा सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या दोन भागांत, एकूण ४० मिनिटे चालतो. पण प्रत्येक भागात १६, १२, ८ आणि ४ मिनिटे उरली की त्यानंतरच्या पहिल्या थांब्यावर जाहिरातींसाठी खेळ रोखला जातो. असे आठ थांबे, शिवाय दोन्ही संघांचे स्वतःचे टाइम आउट आणि मध्यंतर धरून प्रेक्षक दोन तासांहून अधिक वेळ अडकतो. त्यातही शेवटच्या दोन मिनिटांची रचना पाहण्यासारखी आहे. पिछाडीवरच्या संघाला घड्याळ थांबवायचे असते, म्हणून तो मुद्दाम नियमभंग, म्हणजे फाउल, करतो आणि त्यासाठी समोरच्या संघातला फ्री थ्रो (बिनअडथळ्याची फेक) वाया घालवण्याची सर्वांत अधिक शक्यता असलेला खेळाडू निवडतो. एका भागात प्रतिस्पर्ध्यांचे सात फाउल झाले की फ्री थ्रोची संधी मिळते, पण पहिली फेक यशस्वी झाली तरच दुसरी, आणि दहा झाले की निर्विवाद दोन. खेळाडू रेषेवर उभा राहतो, चेंडू चारदा आपटतो, फेकतो. दुसरा संघ धावत जाऊन घाईची फेक करतो. घड्याळातून पाच सेकंद गेलेले असतात. लगेच पुन्हा फाउल. मधेच चेंडू सीमेबाहेर जातो, प्रशिक्षक त्यावर दाद मागतो आणि शेवटचे बोट कोणाचे लागले हे ठरवण्यासाठी तिन्ही पंच मैदानालगतच्या टेबलावरील पडद्यावर वाकून तेच दृश्य संथ गतीने, मग आणखी संथ गतीने पाहतात, आणि त्या फुकटच्या विश्रांतीत दोन्ही प्रशिक्षक पुढच्या चाली समजावून देतात. घड्याळातले एक मिनिट संपायला दहा मिनिटे लागणे यात काही नवल राहत नाही. उत्कंठा ताणण्याची ही रीत एखाद्या चुरशीच्या सामन्यात खपून जाते. नऊ गुणांनी पिछाडीवर असलेला संघही ती वापरतो तेव्हा ती प्रेक्षकाच्या सहनशीलतेची परीक्षा होते.

तरीही थांबे हे दुखण्याचे मूळ नव्हे, कारण थांबे पूर्वीही होतेच आणि लोक ते सहन करत होते. सहन करत होते, कारण थांबलेला खेळ ज्यांचा होता ती माणसे त्यांच्या ओळखीची होती. पॅट्रिक ईविंग १९८१ ते १९८५ अशी चार वर्षे जॉर्जटाउनकडून खेळला. त्या काळात संघ तीनदा अंतिम सामन्यात पोहोचला, पहिल्यांदा जॉर्डनच्या फेकीमुळे एका गुणाने हरला, दुसऱ्यांदा जिंकला आणि तिसऱ्यांदा २८ पैकी २२ फेकी यशस्वी करणाऱ्या व्हिलानोव्हाकडून दोन गुणांनी हरला. प्रेक्षकाने या मुलाला एकोणिसाव्या वर्षी अडखळताना आणि बाविसाव्या वर्षी मैदानावर हुकूमत गाजवताना पाहिले होते. कॉलेज बास्केटबॉल एनबीएपेक्षा कौशल्यात नेहमीच कमी प्रतीचे होते. ती उणीव भरून निघे ती या दीर्घ परिचयामुळे, आणि याच एका भांडवलावर तो खेळ उभा होता.

हे भांडवल प्रथम वरून खर्ची पडले. केविन गार्नेट १९९५ मध्ये, कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत गेले, म्हणजे प्रेक्षकाला ते कॉलेजात दिसलेच नाहीत. २००५ च्या करारान्वये एनबीएने किमान वय १९ केले आणि शाळा सुटल्यावर एक वर्ष जावे लागेल अशी अट घातली, तेव्हा उत्तम खेळाडू कॉलेजात आले खरे, पण पाहुण्यासारखे एका हंगामापुरते. या पद्धतीला ‘वन अँड डन’ म्हणतात. केंटकीने २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या जोरावर विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षीच्या एनबीए निवडीत त्या संघाचे सहा खेळाडू गेले. विजयोत्सव संपतो न संपतो तोच विजेता संघ नाहीसा झालेला असे.

त्यानंतरचा बदल खालून आला आणि तो अधिक खोलवर गेला. कॉलेज खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काहीही द्यायचे नाही हे एनसीएएचे जुने तत्त्व होते आणि त्यातला दांभिकपणा डोळ्यांत भरणारा होता: प्रशिक्षक, वाहिन्या, बूट बनवणाऱ्या कंपन्या सगळे कमावत होते, फक्त खेळणारा मुलगा ‘हौशी’ होता. २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी आणि प्रसिद्धी यांवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार आता विद्यापीठेच आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; २०२५-२६ या पहिल्या वर्षी त्याची मर्यादा एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. याच्या जोडीला कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद करणारी ‘ट्रान्स्फर पोर्टल’ ही यादी २०१८ मध्ये सुरू झाली होती. २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून, अभ्यासाच्या अटी पाळून, कितीही वेळा एक वर्ष बाहेर न बसता संघ बदलता येऊ लागला. हे दोन्ही बदल न्याय्य होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. प्रशिक्षकाला एका रात्रीत करार मोडून दुसरीकडे जाता येते, तर विसाव्या वर्षाच्या मुलाने जागेवरच खिळून राहावे हा आग्रह फार काळ टिकणारा नव्हताच.

पण न्याय झाला म्हणून रंजकता वाढली असे होत नाही. २०२२ मध्ये जर्सी सिटीतील सेंट पीटर्स या लहानशा कॉलेजने केंटकी आणि पर्ड्यू यांना हरवून अखेरच्या आठांत प्रवेश केला. पंधराव्या मानांकनाच्या संघाने तिथवर पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. काही दिवसांतच प्रशिक्षक सीटन हॉल विद्यापीठात गेले आणि संघातील अनेक खेळाडू निरनिराळ्या कॉलेजांत विखुरले. ज्या संघाला पुढच्या वर्षी पाहण्याची उत्सुकता देशभर निर्माण झाली होती, तो पुढच्या वर्षी अस्तित्वातच नव्हता. २०२५ मध्ये विजेत्या ठरलेल्या फ्लोरिडाचे तीन प्रमुख खेळाडू पाहिले तर वॉल्टर क्लेटन आयोनातून, विल रिचर्ड बेलमाँटमधून आणि अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून आलेले होते. यातील मार्टिन २०२३ मध्ये अखेरच्या चारांत अनपेक्षितपणे पोहोचलेल्या फ्लोरिडा अटलांटिकच्या संघातही होता. लहान कॉलेजे खेळाडू घडवतात आणि मोठी उचलतात, हा क्रम आता रुळला आहे. २०२५ मध्ये अखेरच्या सोळांतील सर्व संघ चार बलाढ्य गटांचे होते आणि उपांत्य फेरीत चारही अव्वल मानांकित संघ होते.

शैलींचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. कॅरिल यांची पद्धत शिकायला खेळाडूला दोन-तीन वर्षे लागत, कारण समोरच्याची मान कोणत्या बाजूला वळली की आपण कुठे पळायचे हे तोंडी सांगून येत नाही. जूनमध्ये एकत्र आलेल्या आणि एप्रिलमध्ये पांगणाऱ्या खेळाडूंना प्रशिक्षक जे शिकवू शकतो ते सोपे आणि सगळ्यांना आधीच येणारे असते: चौघांनी तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरायचे, पाचव्याने चेंडूवाल्याच्या बचावपटूला आडवे यायचे, आणि मोकळ्या सापडलेल्याने लांबून फेकायचे. ही पद्धत कार्यक्षम आहे, म्हणूनच ती सर्वांनी घेतली, आणि सर्वांनी घेतल्यामुळे पेहरावाचे रंग झाकले तर संघ ओळखू येईनासे झाले. नियमसमितीने घड्याळातले सेकंद कापून वेग परत आणला. संघाला स्वतःचा चेहरा येण्यासाठी जी वर्षे लागत ती परत आणणे तिच्या हातात नव्हते.

भूगोलही याच सुमारास विस्कटला, आणि त्याचे कारण बास्केटबॉल नसून अमेरिकी फुटबॉलच्या प्रक्षेपणातून मिळणारा पैसा हे आहे. कॅन्सस आणि मिसूरी ही शेजारची विद्यापीठे १९०७ पासून एकमेकांविरुद्ध खेळत होती. २०१२ मध्ये मिसूरीने गट बदलला आणि हा सामना २०२१ पर्यंत बंद पडला. १९८५ मध्ये उपांत्य फेरीतील चारपैकी तीन संघ देणाऱ्या ‘बिग ईस्ट’ गटातून सिरॅक्यूज २०१३ मध्ये बाहेर पडले. २०२४ पासून लॉस एंजेलिसचे यूसीएलए न्यू जर्सीतील रटगर्सच्या गटात आहे. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्यात जेमतेम १५-१६ किलोमीटर अंतर आहे आणि त्यांचे वैर अजून शाबूत आहे, म्हणून तो सामना आजही कोणत्याही फेब्रुवारीत पाहावासा वाटतो. पण असे सामने आता अपवाद ठरू लागले आहेत.

उलट बाजूचा पुरावाही दडवून चालणार नाही. २०२४ च्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख प्रेक्षक होते, तर २०२५ चा फ्लोरिडा-ह्यूस्टन अंतिम सामना ६५-६३ असा शेवटच्या क्षणापर्यंत रंगला आणि त्याला १ कोटी ८१ लाख प्रेक्षक लाभले. पैसे मिळू लागल्यामुळे काही खेळाडू एनबीएच्या तळाशी जाण्यापेक्षा कॉलेजात अधिक काळ राहतात, आणि वयाने मोठे, कसलेले खेळाडू असल्याने खेळाचा दर्जा दहा वर्षांपूर्वीपेक्षा निश्चित चांगला आहे. पर्ड्यूचा झॅक ईडी चार वर्षे एकाच ठिकाणी राहिला आणि दोनदा देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्चमधील तीन आठवडे अजूनही भरपूर करमणूक करतात. रंजकता ओसरली आहे ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या महिन्यांतून, जेव्हा सामन्याच्या निकालाला फारसे महत्त्व नसते आणि प्रेक्षकाला बांधून ठेवायला फक्त ओळखीची माणसे असतात.

महिलांच्या खेळाने या मताला अनपेक्षित दुजोरा दिला. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेच्या निवडीसाठी अमेरिकी खेळाडूंना त्या वर्षी २२ वर्षे पूर्ण होणे किंवा पदवी मिळवणे आवश्यक असते, त्यामुळे उत्तम खेळाडू बहुधा चार वर्षे कॉलेजातच खेळतात. आयोवा राज्यातच वाढलेली केटलिन क्लार्क आयोवा विद्यापीठात एकाच प्रशिक्षिकेखाली चार वर्षे खेळली आणि मार्च २०२४ मध्ये तिने पीट मारविच या पुरुष खेळाडूचा कॉलेजमधील ३,६६७ गुणांचा १९७० पासूनचा विक्रम मागे टाकला. त्या वर्षीचा महिलांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी पाहिला, म्हणजे पुरुषांच्या अंतिम सामन्याहून अधिक, आणि असे प्रथमच घडले. महिलांचे सामने २०१५-१६ पासून १० मिनिटांच्या चार भागांत होतात आणि प्रत्येक भागात फाउलची मोजणी नव्याने सुरू होते, त्यामुळे थांबेही काहीसे आटोक्यात असतात. क्लार्क व्यावसायिक खेळाकडे वळल्यानंतर, २०२५ मध्ये, महिलांच्या अंतिम सामन्याचे प्रेक्षक ८५ लाखांवर आले. पोर्टलची वाट तिथेही खुली आहे, आणि लुईव्हिल, एलएसयू व टीसीयू अशा तीन विद्यापीठांकडून पाच हंगाम खेळलेली हेली व्हॅन लिथ हे त्या वाटेचे ठळक उदाहरण आहे.